कर्जे बारा क्षेत्रांत वाटली, तरी जोखीम वाटली गेली का?

खातेवही (धागाकर्ता)

मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी काम करतो. संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत कर्ज धोरणाचे वार्षिक पुनरावलोकन आहे आणि क्षेत्रनिहाय कर्जमर्यादांचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मसुदा तयार आहे, पण तो मलाच पटत नाही. का पटत नाही ते मंडळापुढे नीट मांडता यावे, म्हणून आधी इथल्या जाणकारांपुढे ठेवतो. बँकेची ओळख पटू नये यासाठी आकडे बदलून गोल केले आहेत.

एकूण कर्जे 600 कोटी रुपये आणि टियर-1 भांडवल, म्हणजे तोटा सोसायला बँकेचे स्वतःचे मुख्य भांडवल, 80 कोटी. कर्जे बारा क्षेत्रांत विभागलेली आहेत आणि एकाही क्षेत्राचा वाटा 22 टक्क्यांच्या वर नाही. सर्वांत मोठा वाटा घाऊक व किरकोळ व्यापाराचा, त्याखालोखाल गृहकर्जे, मग लघुउद्योग, सेवा, वाहतूक, स्वयंव्यावसायिक, सोनेतारण वगैरे. गेल्या वर्षीच्या टिपणाखाली ‘कर्जांचे विकेंद्रीकरण समाधानकारक’ असा शेरा आहे आणि नुसता तक्ता पाहिला तर त्यात खोट काढायला जागा नाही. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादाही पाळलेल्या आहेत. एका कर्जदाराला टियर-1 भांडवलाच्या 15 टक्के, म्हणजे आमच्या बाबतीत 12 कोटी, आणि परस्परसंबंधित समूहाला 25 टक्के, म्हणजे 20 कोटी, या दोन्हींच्या आत आम्ही आहोत.

गेल्या पंधरवड्यात मी मोठ्या दोनशे खात्यांच्या फायली काढल्या आणि तक्त्यात नसलेल्या दोन गोष्टी प्रत्येक फाईलमध्ये शोधल्या: हप्ता नेमका कोणाकडून येणाऱ्या पैशांतून फिटतो, आणि तारण काय आहे. ‘व्यापार’ या शीर्षाखाली कांदिवलीचा एक टाइल्स व सॅनिटरीचा दुकानदार आहे, त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बिल्डर. ‘लघुउद्योग’ शीर्षाखाली वसईच्या गाळ्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारा आहे. ‘सेवा’ शीर्षाखाली इंटिरियरची कंत्राटे घेणारी भागीदारी संस्था, ‘स्वयंव्यावसायिक’ शीर्षाखाली पुनर्विकासाची कामे करणारे वास्तुविशारद आणि ‘वाहतूक’ शीर्षाखाली राडारोडा वाहणारा तीन डंपरांचा मालक. पाच क्षेत्रे, पाच कोड (तक्त्यातल्या शीर्षांचे क्रमांक), आणि पाचही जणांची चूल एकाच धंद्यावर पेटते. तारण पाहिले तर बहुतेकांचे बोरिवली ते विरार या पट्ट्यातले फ्लॅट किंवा गाळे. बांधकाम थंडावले तर या मंडळींचे उत्पन्न आटेल, आणि त्याच वेळी आमच्या हातातल्या तारणाचा भावही खाली येईल.

मग मर्यादा ठरवायच्या त्या कोडवर की आणखी कशावर? आपल्यापैकी कोणी हे काम प्रत्यक्ष केले असेल, तर सविस्तर लिहावे ही विनंती.

विचलन

माझे काम जोखीम मोजण्याचे आहे, तेव्हा आधी हिशेब मांडतो. उदाहरण कल्पित आहे, पण गणित कोणीही कागदावर पडताळून पाहू शकेल.

समजा, सारख्या रकमेची 100 कर्जे आहेत आणि प्रत्येक कर्ज वर्षभरात बुडण्याची शक्यता 4 टक्के आहे. सरासरी 4 कर्जे बुडतील. कर्जदारांचे नशीब एकमेकांशी अजिबात बांधलेले नसेल, तर या 4 च्या आसपासचे प्रमाणित विचलन, म्हणजे आकडा सरासरीपासून साधारण किती हलतो त्याचे माप, सुमारे 2 येते, म्हणजे वाईट वर्षी 8 कर्जे बुडतील, फार झाले तर 9. आता कर्जदारांमध्ये केवळ 0.05 इतका सहसंबंध, म्हणजे एकत्र बुडण्याचा कल (शून्य म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण), गृहीत धरा. सरासरी 4 च राहते, पण विचलन 4.8 च्या घरात जाते. वाईट वर्ष आता 8 वर थांबत नाही, ते 14 किंवा 15 पर्यंत जाऊ शकते.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. शंभराऐवजी 1,000 कर्जदार घ्या आणि रक्कम तितकीच बारीक वाटा. सहसंबंध शून्य असेल, तर विचलन 2 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यांवर उतरते, आणि हा विकेंद्रीकरणाचा खरा लाभ आहे. सहसंबंध 0.05 असेल, तर मात्र ते 4.8 वरून जेमतेम 4.4 टक्क्यांवर येते. कर्जदार दहापट केले, तपासणीचा आणि वसुलीचा खर्च वाढवला, आणि जोखीम जवळपास होती तिथेच राहिली. कर्जदारांची संख्या वाढवून एकेका कर्जदाराची जोखीम विरते, पण सगळ्यांना जोडणाऱ्या समान कारणाची जोखीम विरत नाही. ती कमी करायची, तर कारणे वेगळी असलेले कर्जदार शोधावे लागतात.

मंडळाला एका आकड्यात चित्र हवे असेल, तर प्रत्येक क्षेत्राच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करावी. याला हर्फिंडाल निर्देशांक म्हणतात. दहा क्षेत्रांत प्रत्येकी 10 टक्के असतील, तर बेरीज 1,000 येते. एका क्षेत्रात 40 आणि सहा क्षेत्रांत प्रत्येकी 10 असतील, तर 2,200. दहा हजाराला या बेरजेने भागले की ‘परिणामी क्षेत्रसंख्या’ मिळते, म्हणजे दुसऱ्या उदाहरणात कागदावर सात क्षेत्रे असूनही प्रत्यक्षात साडेचारच. आपल्या बारा कोडांवर हा हिशेब एकदा करा आणि ‘बांधकामावर अवलंबून’ असलेली सगळी खाती एका गठ्ठ्यात टाकून पुन्हा करा. दोन उत्तरांतली तफावत हाच आपल्या टिपणाचा पहिला परिच्छेद व्हावा.

तारणहार

मी शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. गणित माझ्या आवाक्यातले नाही, पण वरच्या 0.05 चा चेहरा मी पाहिलेला आहे, म्हणून लिहितो.

माझी काही वर्षे भिवंडीच्या शाखेत गेली. बँकेचे नाव महत्त्वाचे नाही. आमच्या शाखेची कर्जेही मुख्य कार्यालयाच्या तक्त्यात छान विखुरलेली दिसत असत. यंत्रमागवाले ‘वस्त्रोद्योग’, सुताचे व्यापारी ‘घाऊक व्यापार’, टेम्पोवाले ‘वाहतूक’, कामगारांची खानावळ, जिला तिकडे बिशी म्हणतात, ती ‘सेवा’, आणि खोल्या बांधून मजुरांना भाड्याने देणारे मालक ‘मालमत्ता तारण’. आता धंद्याची साखळी पाहा. व्यापारी सूत देतो, सायझिंगवाला त्या सुताला खळ लावून बीम तयार करतो, मागवाला मजुरीवर कच्चे कापड विणतो, टेम्पो ते गोदामात नेतो, मजूर बिशीत जेवतो आणि महिन्याला खोलीभाडे देतो. मागाचा खटखटाट चालू आहे तोवर सगळे चालू.

सुताचा भाव चढला आणि कापडाला त्या प्रमाणात उठाव नसला, की व्यापारी बीम देणे थांबवतो. मागवाला दोन पाळ्यांची एक पाळी करतो, मग तीही बंद. मजूर गावी निघून जातो. बिशीचा महिन्याचा हिशेब बुडतो, खोल्या रिकाम्या पडतात, टेम्पो नाक्यावर उभा राहतो. आमच्याकडे हे सगळे एकाच तिमाहीत दिसायचे. आधी सुताच्या व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते (खेळत्या भांडवलाचे कर्ज) लिमिटला टेकून राहायचे, त्यानंतर मागवाल्याचा हप्ता 30 दिवसांवर जायचा, आणि शेवटी ज्याचा कपड्याशी काही संबंध नाही असे आम्ही समजत होतो, तो खोल्यांचा मालक साहेबांना भेटायला यायचा. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि पुढच्या जुलैत जीएसटी, तेव्हा ज्या धंद्यात आठवड्याची मजुरी रोखीने चुकती होत असे, त्या धंद्याच्या गावात ‘पाच क्षेत्रे’ या शब्दाला काही अर्थ उरला नव्हता.

तेव्हापासून मला एक सवय लागली. पाहणीला गेलो की कर्जदाराच्या स्टॉक स्टेटमेंटआधी मी सायझिंगच्या बॉयलरचे धुराडे पाहत असे. धूर नसला तर शाखेत परतल्यावर एक फाईल न काढता पाच फायली काढायच्या.

मुंबईकरांना हे नवे वाटू नये. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ज्या पतपेढीचे सगळे सभासद एकाच गिरणीत कामाला होते, तिच्याकडे हजार सभासद असले काय आणि दोन हजार असले काय, पगारपत्रक एकच होते.

चाळकरी

मी बँकेतला नाही, साधा ठेवीदार आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्यावे. एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा सहकारी बँकांनी फक्त गृहकर्ज आणि सोनेतारण का देऊ नये? दोन्हीला तारण भक्कम आहे. दुसरे असे की, भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते हे सगळ्या मुंबईने पाहिले. तिथे क्षेत्रनिहाय मर्यादा नव्हत्या काय?

ताळेबंद

चाळकरी, प्रश्न बाळबोध मुळीच नाहीत. मी सनदी लेखापाल असून बँकांचे लेखापरीक्षण करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मर्यादा होत्या. त्या बँकेच्या कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एका बांधकाम समूहाकडे अडकलेली निघाली आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली गेल्याचे तपासात पुढे आले. म्हणजे कागदावर कर्जे हजारो लहान कर्जदारांत वाटलेली होती. विकेंद्रीकरणाचा कोणताही तक्ता त्याखालच्या नोंदींइतकाच खरा असतो. अखेर जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तुमच्यासारख्या ठेवीदाराने लक्षात ठेवायचे ते असे, की ठेव विम्याचे संरक्षण 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख रुपये आहे आणि त्यापूर्वी ते 1 लाख होते. सगळी पुंजी एका बँकेत न ठेवणे हे ठेवीदाराचे विकेंद्रीकरण, आणि ते तुमच्या हातात आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल. फक्त गृहकर्जे दिली तर मुंबईतल्या जागेचा भाव हे एकच कारण बँकेच्या सगळ्या कर्जपुस्तकावर बसते. शिवाय नागरी बँकांना तसे करण्याची मोकळीकही नाही. 2025 च्या सुधारणेनुसार अग्रक्रम क्षेत्रात (ज्यांना ठरावीक प्रमाणात कर्ज देणे बँकांना बंधनकारक आहे त्या क्षेत्रांत) न बसणारी वैयक्तिक गृहकर्जे एकूण कर्जांच्या 25 टक्क्यांपर्यंत, आणि वैयक्तिक गृहकर्जे वगळून बाकी स्थावर क्षेत्राला 5 टक्क्यांपर्यंतच देता येतात. एकूण कर्जांपैकी निम्मी कर्जे लहान रकमेची असावीत असाही दंडक आहे. लहान म्हणजे प्रति कर्जदार 25 लाख किंवा टियर-1 भांडवलाच्या 0.4 टक्के यांतली मोठी रक्कम, कमाल 3 कोटी. खातेवहींच्या बँकेसाठी 0.4 टक्के म्हणजे 32 लाख. सोनेतारणाचा मुद्दा मात्र रास्त आहे, कारण सोन्याच्या भावाला मुंबईतल्या जागेच्या भावाशी काही देणेघेणे नाही आणि तेच त्या कर्जांचे खरे मोल आहे.

आता खातेवहींच्या मूळ प्रश्नाकडे येते. लेखापरीक्षणात सर्वांत जास्त वेळा आढळणारी चूक म्हणजे कोड अर्जाच्या दिवशी पडतो आणि नंतर कधीच बदलत नाही. दादरच्या एका साडीच्या दुकानदाराने दुकानासाठी कर्ज घेतलेले असते, दोन नूतनीकरणांनंतर लिमिट तिप्पट झालेले असते, आणि खात्याचे उतारे वाचले की पैसे मुलाच्या पुनर्विकास प्रकल्पात गेलेले दिसतात. कोड अजून ‘किरकोळ व्यापार’. त्यामुळे वर सांगितलेली 5 टक्क्यांची मर्यादा कागदावर अबाधित राहते. रिझर्व्ह बँकेने व्यावसायिक स्थावर मालमत्तेच्या कर्जाची ओळख कशी करावी यावर 2009 मध्ये दिलेले मार्गदर्शन पुन्हा वाचावे. तिथे कसोटी तारणाची नाही, परतफेड आणि वसुली प्रामुख्याने कशावर अवलंबून आहे याची आहे. गाळ्याच्या भाड्यातून फिटणारे कर्ज आणि गाळा तारण ठेवून औषधाच्या दुकानाच्या विक्रीतून फिटणारे कर्ज, या दोन वेगळ्या जोखमी आहेत. तुम्ही दोनशे फायलींत जे शोधले, ते नियमाच्या पलीकडचे काही नव्हते, तो त्या नियमाचा गाभाच होता.

नरिमन पॉइंट

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या मोठ्या कर्जांच्या विभागात होतो. हा रोग लहान बँकांचाच आहे असा कोणाचा समज होऊ नये म्हणून लिहितो.

2010 च्या आसपास आमच्या टिपणांत वीज, पोलाद, रस्ते, दूरसंचार आणि बांधकाम कंत्राटदार ही वेगवेगळी क्षेत्रे होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा होती. 24 सप्टेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने 204 कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. कोळशावर चालणारे वीजप्रकल्प आणि स्वतःच्या वीजकेंद्रावर चालणारे पोलाद कारखाने एकाच निकालाने एकत्र अडचणीत आले. त्यानंतर चीनमधून येणाऱ्या स्वस्त पोलादाने भाव पाडले. प्रकल्प रखडले, म्हणून कंत्राटदारांची बिले अडकली. वेगळ्या कोडांचे कर्जदार पुष्कळदा एकाच उद्योगसमूहाच्या कंपन्याही असत. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या गुणवत्तेची झाडाझडती घेतली आणि मार्च 2018 पर्यंत देशातल्या अनुसूचित वाणिज्य बँकांचे सकल एनपीए (थकीत ठरलेली कर्जे) एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांच्या वर गेले. मार्च 2025 पर्यंत ते 2.3 टक्क्यांवर आले, पण मधल्या काळात सरकारी बँकांना किती भांडवल ओतून घ्यावे लागले ते आठवून पाहा.

त्या धड्यानंतर सगळ्या बँका किरकोळ कर्जांकडे वळल्या. त्यालाही विकेंद्रीकरणच म्हटले गेले. वस्तुतः सगळे एकाच दारातून आत शिरले, म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीम-भार (कर्जापोटी किती भांडवल राखायचे ते ठरवणारे प्रमाण) 100 वरून 125 टक्के करावा लागला. एकेका बँकेचे पुस्तक वैविध्यपूर्ण आणि सगळ्या बँकांची पुस्तके मात्र एकसारखी, अशी ही गंमत आहे.

आणखी एक. बिगरबँक वित्तसंस्थांना दिलेले कर्ज ‘वित्तीय सेवा’ या शीर्षात मोडते, पण त्या संस्थेने ते पुढे कोणाला दिले हे पाहिल्याशिवाय ती नोंद पोकळ आहे. बीकेसीत मुख्यालय असलेली आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी वित्तसंस्था सप्टेंबर 2018 मध्ये थकली, तेव्हा तिला कर्ज देणाऱ्या संस्थांच्या लक्षात आले की आपण ‘वित्तसंस्थेला’ दिलेला पैसा प्रत्यक्षात रस्ते आणि वीजप्रकल्पांतच आहे.

खातेवही

सर्वांचे मनापासून आभार. विचलन यांनी सांगितलेला हिशेब केला. बारा कोडांवर परिणामी क्षेत्रसंख्या साडेसात येते. बांधकामाशी जोडलेली खाती एकत्र केल्यावर ती तीनाच्या जरा खाली उतरते, कारण तो एकच गठ्ठा 55 टक्क्यांचा होतो.

ताळेबंद ताई, कोड न बदलण्याबद्दल आपण लिहिले ते तंतोतंत लागू पडते. दोनशेपैकी एकतीस खात्यांचे कोड आजच्या धंद्याशी जुळत नाहीत.

एका संचालकांशी अनौपचारिक बोललो. त्यांचे म्हणणे असे, की बांधकामावरचे अवलंबित्व एवढे असेल तर सरळ नव्या क्षेत्रांत उतरावे. औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया आणि सौरऊर्जा ही नावे त्यांनी लगेच सुचवली, आणि पुढच्या वर्षी प्रत्येकी 5 टक्के गाठावेत असे लक्ष्यही दिले. मला धास्ती वाटते, पण विरोध कोणत्या शब्दांत करावा हे सुचत नाही.

विचलन

धास्ती योग्य आहे आणि तिला अभ्यासाचा आधारही आहे. विरल आचार्य, जे पुढे 2017 ते 2019 या काळात रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते, त्यांनी इफ्तेखार हसन आणि अँथनी सॉन्डर्स यांच्यासह इटलीतल्या 105 बँकांची 1993 ते 1999 या वर्षांतली कर्जे तपासली होती. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की विकेंद्रीकरणाने बँक आपोआप अधिक सुरक्षित किंवा अधिक नफ्यात येत नाही, आणि ज्या बँका आधीच जोखमीच्या होत्या त्यांच्या बाबतीत तर उद्योगांच्या विस्ताराबरोबर परतावा घटला आणि कर्जांची प्रत उतरली. नव्या क्षेत्रात बँकेची पारख कच्ची असते आणि तिथे जुन्या बँका आधीपासून ठाण मांडून असतात, हे त्यामागचे कारण.

संचालकांना मी असे सांगेन, की सहसंबंध कमी करून जे मिळेल त्याच्या तुलनेत प्रत्येक नव्या कर्जाची बुडण्याची शक्यता 4 वरून 7 टक्क्यांवर गेली, तर सौदा तोट्याचा आहे. सरासरीच वाढली, तर विचलन कमी होण्याचा उपयोग काय?

तारणहार

विचलन यांचे म्हणणे आमच्या भाषेत सांगतो. नव्या धंद्यात उतरणाऱ्या बँकेच्या दारात पहिल्यांदा येतो तो दुसऱ्या बँकेने टाकलेला कर्जदार. तारापूरला ज्याचा औषधांचा कारखाना उत्तम चालतो, त्याला पंधरा वर्षांपासून सांभाळणारी बँक आहे. तो तुमच्याकडे अर्धा टक्का स्वस्त म्हणून येईल, किंवा तिकडे लिमिट वाढत नाही म्हणून येईल. दुसऱ्या प्रकारचा आला, तर ‘आमचे लक्ष्य 5 टक्के आहे’ हे त्याला कळू देऊ नका.

लक्ष्य द्यायचेच असेल, तर आधी शाखेत त्या धंद्याची जाण असलेला माणूस द्या. लहान बँकेने दोन-तीन बँकांसह सहभागातून कर्ज देण्याचा मार्गही आहे. मात्र मुख्य बँकेने तपासले आहे ना, मग झाले, या भरवशावर बाकीच्यांनी सह्या केल्या, तर वाटली जाते ती फक्त बुडीत रक्कम.

खातेवही

काल मसुदा नव्याने लिहिला. मुख्य मुद्दे इथे ठेवतो.

क्षेत्रनिहाय कोड राहतील, कारण रिझर्व्ह बँकेच्या विवरणपत्रांसाठी ते लागतात. त्यांच्या शेजारी दुसरा रकाना येईल, ‘परतफेडीचा उगम’. त्यात सहाच नोंदी आहेत: मुंबई परिसरातले बांधकाम, पगारदारांचे वेतन, दैनंदिन ग्राहकविक्री, निर्यात, सरकारी व महापालिकेची कंत्राटे, आणि भाडे. तिसरा रकाना तारणाचा, पट्ट्यासह. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी शाखाधिकारी बारा महिन्यांचे उतारे पाहून उगमाचा रकाना नव्याने भरेल आणि जमा रकमा मुख्यतः कोणाकडून आल्या त्या तीन नावांची नोंद करील.

मर्यादा आता एकूण कर्जांच्या टक्क्यांत न मांडता टियर-1 भांडवलाशी जोडल्या आहेत. यामागचा हिशेब मंडळाला असा दाखवणार आहे. 22 टक्के वाटा असलेल्या क्षेत्रात 132 कोटी आहेत. त्यातले एक तृतीयांश, म्हणजे 44 कोटी, थकले आणि निम्मी वसुली झाली, तर तोटा 22 कोटींचा, म्हणजे 80 कोटींच्या भांडवलातून 58 उरतात. जखम मोठी आहे, पण बँक उभी राहते. बांधकामाशी जोडलेल्या 55 टक्क्यांना, म्हणजे 330 कोटींना, तोच नियम लावला तर 110 कोटी थकतात आणि तोटा 55 कोटींचा होतो. उरतात 25 कोटी. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत दुसऱ्या स्तरातल्या आमच्यासारख्या नागरी बँकेला 12 टक्के भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखीम-भारित कर्जांच्या तुलनेत भांडवल, राखायची आहे, ती एवढ्यात निभणार नाही. शिवाय जागेचे भाव पडलेले असताना निम्मी वसुली होईल हे गृहीतकही उदारच आहे.

चालू खात्यांची लिमिट्स झटक्यात कापायची नाहीत, तसे केले तर धडधाकट कर्जदारही थकतील. बांधकाम उगमाच्या नव्या मंजुऱ्यांवर अर्धा टक्का जादा व्याज, वसई-विरार पट्ट्यातल्या तारणावर कमी मार्जिनची (कर्जदाराने स्वतः घालायच्या हिश्श्याची) सवलत बंद, आणि मुदतीने फिटणाऱ्या रकमेतला ठरावीक भाग वेतन उगम व सोनेतारण यांकडे वळवायचा. या वेगाने 55 वरून 40 वर यायला चार वर्षे लागतील असे दिसते. नव्या क्षेत्रांसाठी लक्ष्याऐवजी कमाल मर्यादा लिहिली आहे: पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकी 2 टक्क्यांच्या वर नाही. संचालक महोदय यावर नाराज होतील, पण आकडे त्यांच्यापुढे ठेवीन.

नरिमन पॉइंट

उगमाच्या रकान्यात ‘सरकारी कंत्राटे’ वेगळी ठेवली हे बरे केले. फक्त ती बुडण्याची जोखीम नसून उशिराची आहे, हे टिपणात लिहा. बिल सहा महिने अडकले तरी खाते 90 दिवसांतच एनपीए होते.

चाळकरी

बरेचसे समजले, काही डोक्यावरून गेले. मुदत ठेव मोडून दोन बँकांत वाटली.

तारणहार

खातेवही, एक राहिले. तो तीन डंपरांचा मालक कोणत्या उगमात टाकला?

खातेवही

तारणहार साहेब, मसुद्यात त्याला बांधकामात टाकले होते. आपला प्रश्न वाचून आज सकाळी त्याला फोन केला. दीड वर्षापासून तिन्ही डंपर महापालिकेच्या रस्ते काँक्रिटीकरणाच्या एका उपकंत्राटदाराकडे लागले आहेत आणि बिल्डरचे काम त्याने सोडून दिले आहे, कारण तिकडचे दोन धनादेश परत आले होते. फाईलमध्ये यातले काहीच नाही. त्याचा रकाना बदलला, आणि आता उरलेल्या एकशे नव्व्याण्णव जणांना फोन करायला बसलो आहे.